आजोबांच्या रेकॉर्डी धुवायच्या का?

प्रश्न साताऱ्याहून आला आहे. आजोबा गेल्यानंतर माळ्यावरची लोखंडी ट्रंक उघडली, तर आत दोनशेच्या आसपास रेकॉर्डी निघाल्या. वर एलपी, म्हणजे बारा इंचाच्या मोठ्या रेकॉर्डी, मध्ये लहान ईपी आणि तळाशी जुन्या, जड ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या. सगळ्यांवर धूळ, काहींवर पांढरे ठिपके. नातवाने नवा टर्नटेबल घेतला आहे. एक परिचित म्हणाले, "रेकॉर्ड कधी धुवू नये, आवाज जातो." दुसरे म्हणाले, "स्पिरिट घे, कापसाने पूस, आरशासारखी लख्ख होते." कोणाचं ऐकावं ते कळेना. शिवाय एका ७८च्या लेबलावर आजोबांनी शाईने काहीतरी लिहिलं आहे, ते जाईल ही धास्ती वेगळीच.

आधी एक विनंती करतो. हे सगळं वाचून होईपर्यंत त्या ट्रंकेतली एकही रेकॉर्ड लावू नका. "एकदा ऐकून तर बघू, खरखर वाटली तर धुऊ" असं जवळपास प्रत्येक जण म्हणतो. गेली तीसेक वर्षं मी टर्नटेबल दुरुस्त करतो आणि लोकांच्या रेकॉर्डी डिजिटल करून देतो. या काळात सगळ्यात जास्त नुकसान याच उत्सुकतेपोटी झालेलं पाहिलं आहे. रेकॉर्ड ट्रंकेत धुळीत पडून राहिली म्हणून फारशी बिघडत नाही. ती धूळ अंगावर असताना पिन फिरली की बिघडते. तेव्हा उत्तर असं: हो, धुवा, आणि वाजवण्याच्या आधी धुवा. कशाने धुवायची हे मात्र ती रेकॉर्ड कशाची बनली आहे त्यावर ठरतं. तुमच्या दोन्ही परिचितांचा घोटाळा नेमका तिथेच झाला आहे.

धुवायचं कशासाठी, ते आधी सांगतो, कारण ते एकदा मनात बसलं की बाकीची काळजी माणूस आपणहून घेतो.

एलपीची खाच म्हणजे दोन तिरप्या भिंतींची अरुंद घळ. स्टीरिओ रेकॉर्डीत एका भिंतीवर डावीकडचा आवाज कोरलेला असतो, दुसरीवर उजवीकडचा. पिनीचं टोक घळीच्या तळाला टेकत नाही, दोन्ही भिंतींना धरून चालतं. साध्या गोल पिनीच्या टोकाची त्रिज्या १५ ते १८ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि आपल्या डोक्याचा केस सत्तरेक मायक्रॉन जाडीचा. पिनीचा भार दीड-दोन ग्रॅमच असतो, पण तो सगळा भार भिंतीवरच्या काही मायक्रॉनच्या जागेवर येतो, त्यामुळे तिथला दाब प्रचंड असतो. एका बाजूची खाच सरळ उलगडून ठेवली तर जवळजवळ अर्धा किलोमीटर भरेल. तेवढी वाट ती पिन वीस-बावीस मिनिटांत चालते.

आता त्या वाटेवर धूळ टाका. आपल्याकडची धूळ म्हणजे नुसता कपड्याचा तंतू नसतो. तिच्यात माती असते, बारीक वाळू असते. वाळूचा कण व्हायनलपेक्षा, म्हणजे एलपीच्या प्लास्टिकपेक्षा, कितीतरी कठीण. पिन त्याला बाजूला सारत नाही, भिंतीत दाबते. तिथे जो खड्डा पडतो तो पुढे कितीही धुतलं तरी भरून येत नाही. पहिल्यांदा ऐकू येते ती धुळीची चटचट, आणि दहाव्या वेळी ऐकू येते ती धुळीने पाडलेल्या खड्ड्यांची. कानाला दोन्ही सारख्याच वाटतात, म्हणून लोकांना वाटतं की धुऊन काही फरक पडत नाही.

धुळीला धरून ठेवणारा चिकटपणा आपल्या घरातूनच येतो. बोटांचं तेल, फोडणीचा धूर, उदबत्तीचा धूर. जुन्या घरांमध्ये ग्रामोफोन बहुतेक वेळा देवघराशेजारच्या कपाटावर असायचा. अशा घरातल्या रेकॉर्डी धुतल्या की पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. नुसती धूळ ब्रशने निघाली असती, हा थर निघत नाही.

आपल्या शास्त्रीय संगीताच्या बाबतीत यात एक गोष्ट जास्त लागू पडते. रेकॉर्ड मिनिटाला ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेरे याच वेगाने फिरते, पण बाहेरच्या कडेला एका फेऱ्यात जेवढी लांबी मिळते त्याच्या निम्म्याहून कमी लांबी लेबलाजवळ मिळते. पिनीखालून बाहेरच्या कडेला सेकंदाला अर्धा मीटर खाच जाते, आतल्या टोकाला वीस-एकवीस सेंटीमीटर. म्हणजे १०,००० हर्ट्झच्या, सेकंदाला दहा हजार कंपनांच्या, सुराचा एक तरंग बाहेर पन्नास मायक्रॉन जागेत पसरतो आणि आत फक्त वीस मायक्रॉनमध्ये दाटीवाटीने बसतो. वीस मायक्रॉन म्हणजे साध्या धुळीच्या कणाएवढी जागा. आता ख्यालाची एलपी डोळ्यांसमोर आणा. विलंबित बाहेरच्या ऐसपैस खाचांत, आणि द्रुत, तराणा, तानांची बरसात अगदी आत, लेबलाला लागून. जिथे गाणं सगळ्यात वेगवान तिथेच रेकॉर्डीला जागा सगळ्यात कमी, आणि तिथेच धुळीचा कण सगळ्यात जास्त खातो. तानपुऱ्याच्या जवारीत वरचे जे बारीक स्वर झळकतात ते आधी जातात. मग माणूस म्हणतो, "जुनं रेकॉर्डिंग आहे, शेवटी जरा फाटतंच." अनेकदा ते मुळात फाटलेलं नसतं.

"धुतलं की आवाज जातो" असं म्हणणाऱ्यांना मी खोटं पाडत नाही. त्यांनी तसं पाहिलेलं असतं. नळाखाली रेकॉर्ड धरली, अंगाच्या साबणाने धुतली, पंच्याने पुसली, वाऱ्यावर वाळवली, आणि खरखर खरोखर वाढली. कारण वरची धूळ पाण्यात कालवून त्यांनी खाचेत उतरवली आणि तिथेच वाळू दिली. वर नळाच्या पाण्यातले क्षार बसले. बोअरचं पाणी असेल तर विचारूच नका. वाळलेल्या स्टीलच्या पेल्यावर जे पांढरे डाग दिसतात तेच डाग खाचेच्या भिंतीवर बसतात, आणि पिनीला ते खडीसारखे लागतात.

आता स्पिरिट, म्हणजे अल्कोहोल. त्यासाठी रेकॉर्डींच्या दोन जाती ओळखायला शिका.

७८ची रेकॉर्ड लाखेची असते. तीच लाख, जी पळस, बोर, कुसुमाच्या झाडांवरच्या किड्यांपासून मिळते आणि जिचा मोठा वाटा आजही झारखंडातून येतो. त्या लाखेत दगडाची भुकटी, काजळी आणि थोडे तंतू मिसळून रेकॉर्ड दाबत असत. दगडाची भुकटी मुद्दाम घालत, कारण जुन्या चावीच्या ग्रामोफोनची पोलादी पिन पहिल्या काही फेऱ्यांत घासून खाचेच्या आकाराची व्हायला हवी असे. म्हणून तर प्रत्येक बाजूला नवी पिन लावायची पद्धत होती. एलपी आणि ईपी मात्र व्हायनलच्या, म्हणजे पीव्हीसी जातीच्या प्लास्टिकच्या.

सुतार पॉलिश कसं करतो ते पाहिलं असेल. चपडा लाख रात्रभर स्पिरिटमध्ये भिजत घालतो, सकाळी ती विरघळलेली असते, मग बोळ्याने लाकडावर फिरवतो. तुमचे दुसरे परिचित तुम्हाला नेमकं हेच आजोबांच्या रेकॉर्डीवर करायला सांगत आहेत.

मी हे एकदा केलं आहे. बावीस-तेवीस वर्षांचा होतो. जुन्या बाजारातून नाट्यपदाची एक ७८ आणली होती, खूप दिवस शोधत होतो ती. एलपीला लोक स्पिरिट वापरतात हे ऐकलं होतं. कापूस भिजवला आणि कडेपासून एक फेरा मारला. कापूस काळाकुट्ट झाला, तेव्हा मला वाटलं, केवढी घाण होती! दुसरा बोळा घेतला, तोही काळा. तिसऱ्या बोळ्याला लक्षात आलं की हा काळा रंग घाणीचा नाही, रेकॉर्डीचा आहे. सुकल्यावर तो अर्धा इंचाचा पट्टा पाटीसारखा निस्तेज झाला. पदाची सुरुवात, ऑर्गनचा पहिला सूर आणि गायकाची पहिली हाक, त्या पट्ट्यात होती. ती प्रत अजून माझ्याकडे आहे. कोणी स्पिरिटबद्दल विचारलं की मी ती काढून दाखवतो.

ओळखायचं कसं? वर्षावरून ठरवू नका, ही चूक फार होते. अमेरिकेत एलपी १९४८ साली आली आणि तिकडे पुढच्या दहा-बारा वर्षांत ७८ संपली, पण आपल्याकडे साठच्या दशकातही घरोघरी चावीचे ग्रामोफोन होते, त्यामुळे लाखेच्या रेकॉर्डी भारतात त्या दशकाच्या अखेरीपर्यंत निघत राहिल्या. बीटल्सच्या गाण्यांच्या लाखेच्या ७८ भारतात निघाल्या आणि जगभरचे संग्राहक आज त्या शोधत असतात. म्हणून १९६४ची आहे म्हणजे व्हायनलची, असं गृहीत धरू नका. लेबलावर वेग लिहिलेला असतो तो पाहा. हातात घ्या: दहा इंचाची लाखेची रेकॉर्ड बारा इंचाच्या एलपीपेक्षाही जड लागते, कडा जाड, अंग ताठ. तिच्या कडेवर नखाने टिचकी मारली तर कपबशीसारखा टणक आवाज येतो, व्हायनलचा बद्द येतो. वाकवून बघू नका, लाखेची असेल तर तुकडे हातात येतील.

परदेशात राहणाऱ्यांसाठी एक जादा सूचना. अमेरिकेतल्या बऱ्याच लहान ४५च्या रेकॉर्डी पॉलिस्टायरीनच्या असत, त्यांनाही अल्कोहोल चालत नाही. आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर काळा लेप दिलेल्या तबकड्या, ज्यांवर पूर्वी स्टुडिओत किंवा रेडिओवर थेट मुद्रण होत असे, त्या सापडल्या तर त्यांना घरी हातच लावू नका. त्यांच्यावरची पांढरी साय बुरशीसारखी दिसते, पण ती लेपातून बाहेर आलेल्या तेलाची असते, आणि लेप सुटला की रेकॉर्डिंग गेलं.

व्हायनलला पातळ केलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल थोडा वेळ चालतं. मी तेही क्वचितच वापरतो, तेलकट हातांची किंवा विक्रेत्याने खोबरेल लावून चमकवलेली एलपी आली तरच, आणि पाण्याच्या दहाव्या हिश्शाहून जास्त नाही. खोबरेलाचं खरंच सांगतो. काही जुन्या बाजारांत रेकॉर्ड काळी कुळकुळीत दिसावी म्हणून तेलाचा हात फिरवतात. अशी रेकॉर्ड उजेडात तिरपी धरली तर इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसतात.

आता धुण्याची रीत. दोनशे रेकॉर्डींसाठी यंत्र घ्यायची गरज नाही. रोज आठ-दहा करा, महिन्याभरात संपतील.

पाणी क्षार काढलेलंच हवं. गाडीच्या बॅटरीत घालतात ते डीमिनरलाइज्ड किंवा डिस्टिल्ड पाणी सीलबंद कॅनमध्ये मिळतं, ते चालतं. फक्त बाटलीवर नीट वाचा, ते पाणी आहे, ॲसिड नाही, याची खात्री करा. आरओचं पाणी पूर्ण क्षारमुक्त नसतं. परीक्षा सोपी आहे: काचेवर एक थेंब ठेवून वाळू द्या. पांढरं वर्तुळ उरलं तर ते पाणी पहिल्या धुण्याला वापरा, शेवटच्या खळबळीला नाही. एक लिटर पाण्यात फोटो धुणारे वापरतात ते वेटिंग एजंट आठ-दहा थेंब. त्याने पाण्याचा ताण कमी होतो आणि ते खाचेत खाली उतरतं. नुसतं पाणी व्हायनलवर मोत्यासारखं वर तरंगत राहतं, घाणीपर्यंत पोचतच नाही. ते मिळालं नाही तर भांड्यांचा बिनरंगी, बिनवासाचा द्रव एक थेंब, आणि मग दुप्पट खळबळणं.

टेबलावर एक फिरतं ताट घ्या, लोणच्याच्या बरण्या ठेवायला मिळतं तसलं. त्यावर स्वच्छ मऊ टॉवेल, त्यावर रेकॉर्ड. लेबल झाकायला लेबलाएवढं प्लास्टिकचं झाकण, खाली पातळ रबर. आधी कोरड्या मऊ ब्रशने सुटी धूळ काढा. हे विसरू नका, नाहीतर सगळ्याचा चिखल होतो. मग पाणी घाला, पूर्ण पृष्ठभाग ओला होऊ द्या, एक-दोन मिनिटं तसंच मुरू द्या. चिकट थराला सुटायला वेळ लागतो, तो घासून मिळत नाही. नंतर बारीक केसांचा रुंद, मऊ ब्रश खाचेच्या दिशेने गोल फिरवा. आडवा, म्हणजे कडेकडून लेबलाकडे, कधीच नाही. कापडाने घासू नका. कापड वरच्या पठारावरून सरकतं, केसच तेवढे घळीत शिरतात. ब्रश वेगवेगळे ठेवा, धुण्याचा एक आणि खळबळीचा एक.

मग घाणेरडं पाणी तिथे सुकायच्या आत काढायचं. सगळ्या धुण्याचं मर्म याच एका पायरीत आहे. मोठ्या संग्रहालयांतली यंत्रंही मुळात हेच करतात: पाणी घालतात, ब्रश फिरवतात आणि ओलं असतानाच शोषून घेतात. ब्रिटनमधल्या कीथ माँक्स यांच्या यंत्रांनी हीच पद्धत रूढ केली. घरी आपण ते मायक्रोफायबरच्या कापडाने टिपून घेतो. पुसायचं नाही, टिपायचं. नंतर साधं क्षारमुक्त पाणी घालून पुन्हा टिपायचं, आणि आणखी एकदा. दुसऱ्या वेळचं कापड पहिल्यापेक्षा पांढरं निघालं पाहिजे. मग रेकॉर्ड ताटाळ्यात उभी ठेवा, पण ताटाळ्याच्या सळ्यांवर सुती कापड घाला, म्हणजे सळई खाचेला लागणार नाही. पंखा नको, त्याने धूळच बसते. ऊन नको, हेअर ड्रायर तर मुळीच नको. व्हायनल साधारण ६० अंशांच्या पुढे मऊ पडतं आणि एकदा वाकलं की वाकलं. रात्रभर वाळू द्या.

लाखेच्या ७८साठी हीच रीत, फक्त अल्कोहोलचा एक थेंबही नाही, मुरू देण्याचा वेळ अर्धा मिनिट, आणि वाळवण्याची घाई जास्त. भिजत तर कधीच घालू नका. कडेला चीर असेल तर त्या भागाला पाणी लागू देऊ नका. काही ७८च्या पोटात कागदाचा थर असतो, तो फुगला की पापुद्रे सुटतात.

चष्म्याच्या दुकानात असते तसल्या अल्ट्रासॉनिक टाकीचं, म्हणजे पाण्यात ध्वनिलहरी सोडून घाण सुटी करणाऱ्या टाकीचं, हल्ली बरंच बोललं जातं. व्हायनलसाठी ती चांगली आहे, पाणी गरम होऊ दिलं नाही तर. लाखेला नको. पांढरा डिंक पसरून तो सालासारखा सोलून काढायचा प्रयोगही लोक करतात. निघाला तर छान निघतो, पण एखादा तुकडा खाचेत राहिला तर तो काढायचा कसा, याला उत्तर नाही. लाखेवर तर तो स्वतःबरोबर पृष्ठभागही घेऊन येऊ शकतो. आजोबांच्या रेकॉर्डीवर करून बघण्याची गोष्ट ती नाही.

आता काय अपेक्षा ठेवायची. धुऊन धूळ जाते, चिकटपणा जातो, बुरशी जाते. चरा जात नाही, झीज जात नाही. दोन्हींतला फरक कानाने ओळखता येतो, घड्याळ घेऊन बसा. एलपी एक फेरा १.८ सेकंदात पूर्ण करते. टक आवाज दर १.८ सेकंदाला ठोक्यासारखा येत असेल तर तो आडवा चरा, कितीही धुवा तो राहणार. चटचट वाटेल तशी, कुठेही, कमी-जास्त येत असेल तर ती घाण किंवा स्थिर वीज, ती जाईल. ७८ला फेरा पाऊण सेकंदाचा, म्हणून तिथे हे कळायला कान जरा तयार लागतो. आणि चटचट अजिबात नाही, पण जोरकस स्वरावर आवाज फाटतो, विशेषतः आतल्या भागात, तर ती जुन्या जड पिनीने केलेली झीज. अशा रेकॉर्डीकडे तिरप्या उजेडात पाहिलं तर खाचा करड्या दिसतात. ती धुतली तरी तशीच वाजेल, पण निदान पुढे धुळीने आणखी झिजणार नाही. एवढ्यासाठीसुद्धा मी ती धुतोच.

पांढऱ्या ठिपक्यांबद्दल. ट्रंक माळ्यावर होती, मधले पावसाळे गेले, तेव्हा ती बुरशीच असणार. बुरशी जगते ती बोटांच्या तेलावर, धुळीवर आणि कागदावर. म्हणून ती रेकॉर्डीपेक्षा कव्हरावर जास्त असते. या रेकॉर्डी बाकीच्यांपासून आजच वेगळ्या करा. गच्चीत किंवा अंगणात, नाकावर मास्क बांधून, कोरड्या ब्रशने आधी बुरशी झाडा, मग धुवा. तो ब्रश दुसऱ्या कशाला वापरू नका. बुरशी फार वर्षं राहिली असेल तर तिने पृष्ठभागावर बारीक खड्डे पाडलेले असतात, आणि स्वच्छ दिसणारी रेकॉर्डही त्या जागी मंद खरखरते. ते तसंच राहतं. हे काम शक्यतो दिवाळीनंतर काढा. भर पावसात साताऱ्याच्या हवेत रेकॉर्ड रात्रभरात वाळेल याची खात्री नाही, आणि ओलसर रेकॉर्ड पिशवीत घातली की पुन्हा तेच.

धुतलेली रेकॉर्ड जुन्या आतल्या पिशवीत परत घालू नका, इतक्या कष्टांवर तिथे पाणी पडतं. जुन्या कागदी पिशव्या भुगा सोडतात. मऊ, चकचकीत पीव्हीसीच्या पिशव्यांनी एलपीवर धुरकट डाग पडतात. साधी पॉलिथिनची, किंचित दुधी रंगाची, सळसळणारी पिशवी चांगली. जुन्या पिशवीवर काही छापलेलं असेल तर ती कव्हरात वेगळी सपाट ठेवून द्या. रेकॉर्डी उभ्या ठेवा, आडवी चळत रचू नका. लाखेच्या तर खालच्या रेकॉर्डी वरच्या वजनानेच चिरतात.

एकदा नीट धुतली की पुन्हा पुन्हा धुवायची नाही. रोज वाजवताना कार्बन फायबरचा ब्रश दोन फेरे हलका टेकवला की पुरे. पिनही पाहत जा. भिंग घेऊन टोकाकडे बघा: करड्या लोकरीचा गोळा दिसला तर तो मागून पुढे, म्हणजे ज्या दिशेने रेकॉर्ड पिनीखालून सरकते त्या दिशेने, छोट्या ब्रशने काढा. बाजूने काढायला गेलात तर पिन बसवलेली बारीक दांडी वाकेल. बोटाने तर नकोच. धुतल्यानंतरची पहिली बाजू वाजवली की पिनीवर थोडा मळ येतोच, खोल बसलेली घाण सैल झालेली असते. त्याने घाबरू नका, पिन पुसून पुन्हा लावा.

आणि हे मात्र पक्कं लक्षात ठेवा: ७८ला वेगळी पिन लागते, एलपीच्या पिनीपेक्षा चौपट-पाचपट रुंद. नव्या टर्नटेबलवर ७८चा वेग असला तरी त्याची साधी पिन ७८च्या खाचेच्या तळाशी घरंगळत राहते आणि तिथली सगळी घाण वाजवते. पुष्कळ लोक ७८ "खराब झाली" म्हणून टाकून देतात, ती चुकीच्या पिनीने ऐकलेली असते. उलट आजोबांचा चावीचा ग्रामोफोन घरात असेल तर त्यावर एलपी एकदाही लावू नका. ती पोलादी पिन एका फेरीत एलपी नांगरून टाकते.

सुरुवात कुठून करायची? ट्रंकेतली सगळ्यात साधी, बाजारात सहज मिळते अशी एखादी फिल्मी एलपी घ्या आणि हात बसवा. चार-पाच झाल्यावर ख्यालाच्या, नाट्यसंगीताच्या. लाखेच्या शेवटी. ७८मध्ये एखादं ओळखू न येणारं लेबल किंवा नाव निघालं, तर धुण्याआधी लेबलाचा आणि लेबलाभोवतीच्या कोऱ्या जागेत कोरलेल्या क्रमांकाचा फोटो काढा. मुंबईत १९९० साली सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या मंडळींना त्या क्रमांकावरून बरंच काही सांगता येतं. अशी रेकॉर्ड धुऊन वाळली की पहिल्याच वाजवण्याला डिजिटल करून घ्या.

आता आजोबांच्या अक्षराबद्दल. त्या काळची फाउंटन पेनची शाई पाण्याच्या एका थेंबाने पसरते, आणि लेबलाचे लाल-निळे रंगही सुटतात. झाकणावर भरवसा ठेवू नका, कडेने पाणी आत शिरतंच. त्या रेकॉर्डीचा आधी भरपूर उजेडात, सरळ वरून फोटो काढा. मग ती फक्त मऊ कोरड्या ब्रशने साफ करा, लेबलाला न लागता. खाचा फारच चिकट असतील तर कापड पाण्याने नुसतं दमट करून, घट्ट पिळून, बाहेरच्या कडेपासून आत यायचं आणि लेबलाच्या बोटभर आधी थांबायचं. ७८ची शेवटची खाच लेबलाच्या बरीच अलीकडे संपते, त्यामुळे गाणं पूर्ण साफ होतं आणि अक्षराजवळ पाणी जात नाही. चार दिवस लागले तरी चालतील, ही एक रेकॉर्ड सावकाश करा. आणि त्यांनी काय लिहिलं आहे ते वाचता आलं, तर मला जरूर कळवा.